पूजेतील कलदार आणि त्याची पारख

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आडतीचा व्यवसाय करणारे एक ओसवाल कुटुंब आहे. तीन पिढ्यांचे दुकान, मागे घर, आणि घरातील तिजोरीत वर्षानुवर्षे सांभाळलेली एक पितळी डबी. दिवाळीच्या रात्री वहीपूजनाच्या वेळी ही डबी उघडली जाते. तिच्यातील एक्केचाळीस कलदार रुपये पाटावर मांडले जातात, त्यांना कुंकू लागते आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डबीत जातात. त्यांपैकी एकाचाही कधी हिशेब झाला नव्हता. जुन्या खतावणीत त्यांची नोंद ‘पूजेचे रुपये’ एवढीच.

कुटुंबप्रमुखांच्या निधनानंतर दोन भावांच्या वाटण्या सुरू झाल्या. दुकान, गोदाम, घर, ठेवी यांचा निवाडा समजुतीने झाला. डबीपाशी मात्र सगळे थांबले. थोरल्या बंधूंचे म्हणणे, पूजेचे रुपये वाटायचे नसतात. धाकट्यांचे म्हणणे, मग ते ज्याच्या घरी राहतील त्याच्याकडून बाकीच्यांना चांदीच्या भावाने भरपाई व्हावी. वजन करायचे म्हणून धाकट्यांच्या मुलाने एकेक रुपया हातात घेतला आणि वेळ घालवण्यासाठी त्यांवरील साले कागदावर उतरवली. राणी व्हिक्टोरियाचे अकरा, सातव्या एडवर्डचे सात, पाचव्या जॉर्जचे अठरा, सहाव्या जॉर्जचे पाच. या शेवटच्या पाचांत तीन १९३८ चे, एक १९४१ चा आणि एक १९३९ चा होता.

मुलाने ‘१९३९ चा रुपया’ हे शब्द भ्रमणध्वनीवर शोधले आणि अर्ध्या तासात घरातील हवा बदलली. एका चित्रफितीत या नाण्याला पाच लाख मिळतील असे सांगितले होते, दुसऱ्या चित्रफितीत पंचवीस लाख. संध्याकाळपर्यंत थोरल्या बंधूंचे मत किंचित बदलले होते आणि धाकट्यांचेही. आदल्या दिवशी पूजेचे रुपये वाटायचे नाहीत म्हणणारे आता मोल करून पाहण्यास हरकत नाही म्हणू लागले. चांदीच्या भावाने भरपाई मागणारे आता चांदीच्या भावावर राजी नव्हते.

हा रुपया एवढा नावाजला का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. आपल्या पेढ्यांवरचा तोळा तो हाच. ‘रुपयाभार’ हा शब्द जुन्या मंडळींच्या तोंडी होता, तो रुपया हेच वजन असल्यामुळे. राजे बदलले, चेहरे बदलले, परंतु हे वजन आणि हा कस शंभर वर्षे टिकला. मग १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले. लोकांनी चांदीचे रुपये घरात दडवण्यास आरंभ केला आणि चांदी महाग झाली. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट पुन्हा चलनात आली. पुढच्या दोन-तीन वर्षांत जास्त चांदीचे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेण्यात आले आणि त्यांतील बहुतेक मुशीत गेले. आज घरोघरी जे कलदार दिसतात, ते त्या वेळी कोणीतरी परत न केलेले आहेत. १९४७ साली तर चांदी पूर्णपणे गेली आणि निकेलचा रुपया आला.

सहाव्या जॉर्जचा जास्त चांदीचा रुपया मुंबईच्या टांकसाळीत दोनच सालांचा निघाला, १९३८ आणि १९३९. पहिला विपुल मिळतो. दुसरा क्वचित दृष्टीस पडतो. संग्राहकाला सहाव्या जॉर्जच्या रुपयांची मालिका पुरी करायची असेल, तर शेवटची रिकामी जागा बहुधा याच नाण्याची असते, आणि त्या रिकाम्या जागेसाठी तो चांदीच्या भावाच्या कित्येक पट मोजण्यास तयार असतो.

दुर्मीळ म्हणजे नेमके काय, याविषयी व्यापारी घरांतही गैरसमज आहेत. नाण्यामागे सुरस कथा असली म्हणजे ते दुर्मीळ, असे लोक धरून चालतात. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया पाहावा. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो असा गवगवा झाला, मुस्लिम समाजाने हरकत घेतली आणि सरकारने नाणे मागे घेतले. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी साधारण ७ लाखच लोकांच्या हाती गेले होते. उरलेले वितळवले गेले. कथा मोठी आहे, नाणे इतर सालांहून महागही आहे, तथापि सात लाख ही संख्या लहान नव्हे. याउलट, भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ साली निघालेले पाच रुपयांचे नाणे आपल्या समाजात अनेकांनी श्रद्धेने जपले आहे. ते जपावेच, पण बाजारात ते मुबलक आहे. २०१२ सालच्या वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, ही वार्ता वर्षानुवर्षे फिरत असून तिला काडीचा आधार नाही. एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी व १८१८ हे साल असलेले तांब्याचे ‘नाणे’ तर कंपनीने कधी पाडलेच नव्हते. तो अलीकडच्या कारागिरांचा माल आहे.

या कुटुंबाची पहिली परीक्षा झाली ती नाण्याच्या नव्हे, माणसांच्या बाबतीत. मुलाने नाण्याचे छायाचित्र एका खरेदीच्या जाहिरातीवर पाठवले. तासाभरात उत्तर आले. नाणे पसंत आहे, किंमत अकरा लाख, आणि रक्कम मिळण्यासाठी आधी रिझर्व्ह बँकेचे नोंदणी शुल्क म्हणून साडेचार हजार रुपये भरावेत. सोबत रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्रही होते. धाकटे बंधू पैसे पाठवण्याच्या बेतात होते. त्यांच्या मातोश्रींनी, ज्यांना घरात सगळे ‘बाई’ म्हणतात, एवढेच विचारले, “घेणारा देणाऱ्याकडून पैसे मागतो, हा कुठला व्यापार?” पैसे गेले नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर निवेदन काढून कळवले आहे की जुन्या नोटा व नाणी यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, अशा व्यवहारासाठी ती कोणतेही शुल्क वा दलाली घेत नाही आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. असे असताना सुशिक्षित घरांतून आजही हे शुल्क भरले जाते, आणि एकदा भरले की त्यामागून कर, विमा, वाहतूक अशा नव्या मागण्या येतात.

मग रुपया गावातील सराफाकडे गेला. सराफ जुन्या वळणाचे. त्यांनी नाणे प्रथम दगडावर टाकून वाजवले, मग तराजूत घातले. वजन ११.६२ ग्रॅम. हाताळणीत झालेली झीज धरता ते योग्यच होते. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. चुंबकाला चिकटले नाही. टंच काढण्याच्या यंत्राने चांदी शेकडा ९१ च्या वर दाखवली. मुलाने शाळेत शिकलेला पाण्याचा प्रयोगही करून पाहिला. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून त्यात दोऱ्याने नाणे अधांतरी सोडले, तेव्हा काट्यावर १.१३ ग्रॅम वाढले. नाण्याच्या वजनाला त्याने भागले की सुमारे १०.३ येते, आणि बारांत अकरा भाग चांदी असलेल्या धातूची घनता तेवढीच असते. निम्म्या चांदीच्या १९४१ च्या रुपयाला हाच प्रयोग केला तर उत्तर साडेनऊच्या जवळ येते. दोन रुपये शेजारी ठेवून एवढा फरक घरच्या घरी दिसतो, हे कळल्यावर घरातील मुलांनी सगळी डबी पाण्यात बुडवली, ती गोष्ट वेगळी.

“नाणं खरं आहे,” सराफ म्हणाले. थोरले बंधू निश्चिंत झाले. सराफांच्या दृष्टीने ते खरेच होते. त्यांना विचारला गेलेला प्रश्न चांदीचा होता आणि त्याचे उत्तर त्यांनी चोख दिले. पण या नाण्याच्या बाबतीत चांदी खरी असणे आणि नाणे खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९३८ आणि १९३९ च्या रुपयांचे वजन, कस, व्यास, राजाचा चेहरा, मागची वेल, सारे एकच. फरक फक्त शेवटच्या अंकाचा. इंग्रजी आठच्या खालच्या वर्तुळाची डावी बाजू बारीक छिन्नीने कोरून काढली की तिथे नऊ तयार होतो. अशा नाण्याला वाजवा, तोला, टंच काढा, पाण्यात बुडवा, ते प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण होईल, कारण ते अस्सल टांकसाळीचे, अस्सल चांदीचे नाणे आहे. खोटा आहे तो केवळ एका दाण्याएवढा अंक, आणि सारी किंमत त्या अंकातच आहे.

नाण्यांची पारख ही आपल्या समाजाला नवी विद्या नव्हे. अलाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीच्या टांकसाळीत ठक्कुर फेरू नावाचे श्रीमाळ जैन अधिकारी होते. टांकसाळीतील अनुभवावरून त्यांनी १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. देशोदेशीच्या आणि नाना राजवटींच्या अडीचशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांची नावे, वजने, त्यांतील सोन्या-चांदीचे प्रमाण आणि बाजारातील मोल त्यात नोंदले आहे. रत्नांच्या परीक्षेवरही त्यांचा ग्रंथ आहे. ही हस्तलिखिते कोलकात्याच्या एका जैन ज्ञानभंडारात होती आणि अगरचंद व भंवरलाल नाहटा यांच्या प्रयत्नांनी विसाव्या शतकात ती अभ्यासकांपुढे आली. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या अधिकाऱ्यापुढील प्रश्न मात्र आजच्या सराफांचाच होता. या नाण्यात धातू किती, आणि म्हणून ते कितीला घ्यावे? धातूहून सालाला अधिक मोल देणारा संग्राहक त्या काळच्या बाजारात नव्हता. त्यामुळे साल बदलण्याची लबाडी करण्याचेही कोणाला कारण नव्हते.

सराफांकडून परतताना धाकट्या बंधूंना आणखी एक गृहस्थ भेटले. गावोगाव फिरून जुनी नाणी घेणारे. त्यांनी भिंग लावून रुपया न्याहाळला, मान हलवली आणि म्हणाले की अंकात खोट वाटते, तरी सहा हजार देतो. क्षणभर मोह पडण्याजोगा हा प्रस्ताव होता. नाणे खोटे असेल तर सहा हजार फार झाले, आणि खरे असेल तर सहा हजार काहीच नाहीत. जो पारख करतो तोच विकत घेणारा असेल, तर त्याच्या पारखेला किती महत्त्व द्यावे, हे आडतीच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. शेतकऱ्याच्या मालाची प्रत व्यापाऱ्यानेच ठरवली की काय होते, ते त्यांनी बाजार समितीत रोज पाहिलेले. त्यांनी रुपया परत खिशात ठेवला.

शेवटी दोन्ही बंधू नाणे घेऊन मुंबईस गेले. मुंबई, अहमदाबाद, बंगळुरू येथे नाण्यांचे रीतसर लिलाव करणाऱ्या संस्था आहेत. त्यांचे जाणकार नाणे पाहून लिलावात घेण्याजोगे आहे की नाही ते सांगतात. त्यांचाही स्वार्थ असतो, परंतु तो वेगळ्या प्रकारचा. नाणे जितके चढ्या भावाने जाईल तितकी त्यांची दलाली अधिक, आणि खोटे नाणे विकले तर नाव जाण्याचे भय. अभ्यासच करायचा असेल त्यांच्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील चलन संग्रहालयात या साऱ्या रुपयांचा क्रम डोळ्यांनी पाहता येतो. जाण्यापूर्वी असा फेरफटका केलेला माणूस तिथे थोडे अधिक समजून बोलतो.

मुंबईच्या जाणकारांनी नाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांनी राजाचा चेहरा पाहण्यात वेळ दवडला नाही. सरळ सालावर गेले. १९३९ या सालात नऊ दोनदा येतो, आणि हीच सोय आहे. दुसऱ्या स्थानावरील नऊ निर्विवाद टांकसाळीचा. शेवटचा नऊ त्याच वळणाचा, त्याच उंचीचा, त्याच जाडीचा आहे का, एवढे ताडून पाहायचे. मग त्या अंकाच्या डाव्या-खालच्या बाजूची सपाट जमीन पाहायची. कोरलेल्या नाण्यात तिथे हत्याराचे बारीक ओरखडे, किंचित खोलगटपणा किंवा आजूबाजूहून वेगळी झळाळी सापडते. काही लबाड तिथला रंग मुद्दाम काळवंडवतात, तेव्हा डाग फक्त तेवढ्याच जागी दिसतो. यानंतर कडेचे दाते पाहिले. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ असते आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे. तसे काही नव्हते. खात्रीच्या १९३९ च्या नाण्याचे मोठे छायाचित्र पडद्यावर आणून अंकांची तुलना झाली.

नाणे अस्सल होते.

दोघा भावांच्या चेहऱ्यावर आनंद उमटतो न उमटतो तोच जाणकारांनी दुसरा शब्द उच्चारला. “साफ केलेलं आहे.” दर दिवाळीला घरातील सुना चिंच आणि रांगोळीने, अलीकडे तयार पावडरीने, हे रुपये लखलखीत घासत आल्या होत्या. सहा-सात दशकांच्या या सेवेने राजाच्या केसांची बारीक वळणे आणि मुकुटावरील नक्षी बोथट झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली सारा पृष्ठभाग एका दिशेच्या केसासारख्या रेघांनी भरलेला दिसत होता. चांदीवर काळाने येणारी करडी-निळसर छटा, जिला संग्राहक जीव टाकतात, ती या नाण्यावर कधी टिकूच दिली गेली नव्हती.

नाण्यांची प्रतवारी आज एक ते सत्तर अशा अंकांनी होते. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकी गृहस्थांनी १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंटसाठी सुचवली होती आणि पुढे ती जगभर रूढ झाली. एनजीसी आणि पीसीजीएस या तेथील दोन संस्था नाणे तपासून, अंक देऊन पारदर्शक डबीत मोहोरबंद करतात. साफ केलेल्या नाण्याला त्या अंक देत नाहीत. नाणे अस्सल आहे असे म्हणून सफाईचा शेरा मारतात, आणि त्या एका शेऱ्याने किंमत बरीच खाली येते. थोरल्या बंधूंनी विचारले की आता पुन्हा काही लेप देऊन ते जुने दिसेल असे करता येईल का. उत्तर नकारार्थी होते, आणि तसे करणे ही दुसरी लबाडी ठरली असती. ज्यांच्या घरी अशी नाणी असतील त्यांनी ती घासू नयेत, हे येथे सांगून ठेवलेले बरे. कुंकू लागले तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये, आणि प्लास्टिकच्या साध्या पिशवीऐवजी नाण्यांसाठी मिळणाऱ्या पाकिटात ठेवावे.

विकायचे की नाही, हा प्रश्न आता पुन्हा घरी आला, आणि त्यासोबत मालकीचाही. रुपया आजोबांच्या काळापासूनचा. आजोबांमागे त्यांच्या मृत्युपत्राने तो एकट्या वडिलांकडे आला, पण वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते आणि तरीही वाटणीच्या वेळी आठवत नाही. त्या कायद्याने वडिलांच्या मिळकतीत विधवा पत्नी, प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी यांचा समान हक्क. या घरात एक बहीणही आहे, पुण्यास दिलेली. डबीची चर्चा तीन आठवडे चालली होती आणि तिला कोणी कळवलेच नव्हते. ते बाईंच्या लक्षात आले. “वाटे दोन नाहीत, चार आहेत,” त्या म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी बहिणीला दूरध्वनी गेला. तिला पैशापेक्षा न विचारल्याचे वाईट वाटले, आणि ते तिने भाईसांना स्पष्ट सांगितले. थोरल्या बंधूंनी ऐकून घेतले.

कायद्याच्या आणखी दोन बाजू तपासाव्या लागल्या. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षे पुरी झालेले नाणे पुरावस्तू ठरते. ते खासगी मालकीत ठेवण्यास आडकाठी नाही. परंतु अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, आणि ती खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९३९ चा रुपया अजून त्या मर्यादेच्या अलीकडे आहे. २०३९ साली तो पलीकडे जाईल. डबीतील व्हिक्टोरिया आणि एडवर्ड यांचे अठराही रुपये मात्र आजच पुरावस्तू आहेत. परदेशी असलेल्या भाच्याला ‘आठवण म्हणून’ त्यांतला एक टपालाने पाठवण्याचा विचार घरात झाला होता. तो सोडून देण्यात आला. शेतात वा जुन्या भिंतीत नाणी सापडली तर त्याला वेगळाच, १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक ठरते. तशा नाण्यांना घरची म्हणून खपवणे महागात पडते.

दुसरी बाजू प्राप्तिकराची. पूजेची वस्तू म्हणजे वैयक्तिक वापराची वस्तू, तिच्या विक्रीवर कसला कर, असे थोरल्या बंधूंचे ठाम मत होते. नेमका हाच मुद्दा धौलपूरच्या महाराजांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. त्यांनी सोन्याच्या मोहरा, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी विकल्या होत्या आणि लक्ष्मीपूजनात त्या मांडल्या जात असल्याने त्या वैयक्तिक वस्तू आहेत असा दावा केला होता. न्यायालयाने १९७६ साली तो फेटाळला. वैयक्तिक वस्तू म्हणजे माणसाच्या अंगाशी निगडित, नित्य वापरातील वस्तू, वर्षातून एखाद्या वेळी पूजेत ठेवलेली संपत्ती नव्हे. तेव्हा विक्रीतील नफा हा भांडवली नफा. वारसाने आलेल्या वस्तूस पूर्वीच्या मालकाची खरेदी किंमत आणि त्याचा ताबाकाळ धरला जातो, आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या वस्तूस त्या दिवसाचे बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून घेता येते. त्यासाठी मूल्यांककाचा लेखी दाखला असलेला बरा. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीत अशा दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. चौघांनी आपापला हिस्सा आपापल्या विवरणपत्रात दाखवायचा, असे त्यांच्या सनदी लेखापालांनी सांगितले. शिवाय दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्यावर पडतो, म्हणून जे काही येईल ते बँकेतूनच येईल असे ठरले.

लिलावघराशी करार करताना आडतीचा अनुभव कामी आला. नाणे देतानाच त्याचे वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे असलेली पावती घेतली. विक्रेत्याकडून किती दलाली, ती सोडून आणखी काय कापणार, खरेदीदाराकडून वेगळी किती घेणार, विमा कोणाचा, नाणे न विकले गेले तर परत केव्हा, पैसे किती दिवसांत, हे सारे लिहून घेतले. राखीव किंमत ठरवताना भावांत पुन्हा मतभेद झाला. चित्रफितीतील आकडा धाकट्यांच्या मनातून अजून पुरता गेला नव्हता. जाणकारांनी त्यांना मागील काही लिलावांतील साफ केलेल्या १९३९ च्या रुपयांचे प्रत्यक्ष भाव दाखवले. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि कोणीतरी खरोखर मोजलेली किंमत यांत किती अंतर असते, हे त्या कागदावरून कळले. राखीव किंमत त्यानुसार ठरली.

विक्रीस बाईंची संमती मात्र सहज मिळाली नाही. त्यांचा आक्षेप रुपया विकण्याला नव्हता. “घासून घासून आम्हीच त्याची किंमत घालवली, असं त्या माणसाने म्हटलं ना?” त्यांनी विचारले. नवविवाहित सून म्हणून या घरात आल्यापासून दिवाळीपूर्वी रुपये घासणे त्यांच्याकडे होते. थोरल्या बंधूंनी सांगितले की घासले म्हणून ते राहिले, डबीत दुर्लक्षित पडले असते तर कधीच मोडीत गेले असते. हे खरे की समजुतीचे, याची खातरजमा कोणी केली नाही. बाईंनी एकच अट घातली. डबीतील संख्या कमी होऊ नये.

नाणे पुढल्या लिलावात गेले. तीन जणांत चढाओढ झाली आणि ते राखीव किमतीच्या वर, पण चित्रफितीतील आकड्यांच्या आसपासही न जाता, दक्षिणेतील एका संग्राहकाने घेतले. नेमका आकडा कुटुंबाने घरातच ठेवला आहे. दीड महिन्याने रक्कम बाईंच्या खात्यात जमा झाली. तिचे चार भाग झाले. बहिणीचा भाग सर्वप्रथम पाठवण्यात आला.

त्याच आठवड्यात धाकटे बंधू गावच्या सराफांकडे गेले आणि त्यांनी चांदीच्या भावावर थोडे अधिक देऊन १९३८ चा एक साधा, काळपट रुपया घेतला. पूजेच्या डबीत तो ठेवताना सुनेने पावडरीची बाटली हाती घेतली, तेव्हा बाईंनी तिला थांबवले.